पेसमेकरधारकांचा व्यायाम आणि हृदयगतीचे मापन

पेसमेकरधारकांच्या व्यायामातील हृदयगतीचे मापन म्हणजे शरीरात पेसमेकर (कृत्रिम गतिकारक) बसवलेल्या व्यक्तीने श्रम करताना तिच्या हृदयाचे दर मिनिटाला किती ठोके पडतात हे मोजणे आणि त्या आकड्याचा योग्य अर्थ लावणे. निरोगी व्यक्तीच्या बाबतीत हृदयगती हे श्रमाचे बऱ्यापैकी विश्वसनीय माप मानले जाते. पेसमेकरधारकांमध्ये मात्र ही गती काही अंशी किंवा पूर्णपणे उपकरण ठरवते. त्यामुळे नाडीचा आकडा हृदयाची अवस्था सांगतो, उपकरणातील नियोजन सांगतो, की दोन्हींचे मिश्रण असतो, हे कळल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. व्यायामाची सर्वसाधारण सूत्रे अशा व्यक्तींना जशीच्या तशी लागू होत नाहीत.

पार्श्वभूमी

हृदयाच्या उजव्या अलिंदातील सायनस नोड ही पेशींची गाठ विद्युत संदेश निर्माण करते. हा संदेश अलिंदांतून एव्ही नोडपर्यंत व तेथून निलयांपर्यंत पोहोचतो आणि हृदय आकुंचन पावते. प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी हा दर सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० असतो.

श्रम करताना स्नायूंना अधिक ऑक्सिजन लागतो. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते, ते प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त आणि ठोक्यांची संख्या यांच्या गुणाकाराइतके असते. उदाहरणार्थ, एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त आणि मिनिटाला ७० ठोके असल्यास हे प्रमाण ४.९ लिटर होते. श्रमाच्या वेळी प्रत्येक ठोक्यातील रक्त दीडपटीने वाढून १०५ मिलिलिटर झाले, पण गती ६० वरच अडकली, तर एकूण प्रमाण ६.३ लिटरच्या पुढे जात नाही. तरुण निरोगी व्यक्तीचे हृदय जोरदार श्रमात मिनिटाला २० लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पुरवते. यातील मोठा वाटा वाढलेल्या गतीचा असतो. श्रमानुसार हृदयगती पुरेशी न वाढणे या दोषामुळे जिना चढताना दम लागणे, पाय जड होणे, चालताना थकून थांबावे लागणे अशी लक्षणे दिसतात. अनेकदा ती वाढत्या वयाची समजून दुर्लक्षिली जातात.

पेसमेकर मुख्यतः दोन कारणांनी बसवला जातो. पहिल्या प्रकारात सायनस नोडच मंदावलेला असतो. दुसऱ्या प्रकारात सायनस नोड ठीक असतो, परंतु संदेश एव्ही नोडपाशी अडतो. यास हार्ट ब्लॉक म्हणतात. व्यायामातील हृदयगतीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारातील व्यक्तीचे अलिंद श्रमाला नैसर्गिक प्रतिसाद देत असते आणि पेसमेकरला त्यामागे जाणे पुरते. पहिल्या प्रकारात श्रम चालू असल्याचे पेसमेकरला स्वतःच ओळखावे लागते.

इतिहास

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णावर वापरला गेला. उपकरणाची रचना अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी केली होती आणि शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली. पहिले उपकरण काही तासच चालले. लार्सन यांना पुढे एकूण २६ पेसमेकर बसवावे लागले. २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच यांनी तयार केलेला पेसमेकर १९६० पासून रुग्णांमध्ये वापरला जाऊ लागला.

आरंभीचे पेसमेकर एकाच ठरलेल्या गतीने ठोके देत. रुग्ण झोपलेला असो वा चालत असो, गती बदलत नसे. पुढे हृदयाचा स्वतःचा ठोका पडल्यास थांबून राहणारे, त्यानंतर अलिंद व निलय या दोन्ही कप्प्यांशी जोडलेले आणि १९८० च्या दशकात शरीराची हालचाल किंवा श्वसन ओळखून गती वाढवणारे पेसमेकर प्रचारात आले. या शेवटच्या प्रकारामुळे सायनस नोड मंदावलेल्या रुग्णांनाही श्रमाच्या प्रमाणात हृदयगती मिळू लागली.

पेसमेकर गती कशी ठरवतो

सांकेतिक अक्षरे

पेसमेकरची कार्यपद्धती इंग्रजी अक्षरांच्या संकेताने दर्शवली जाते. पहिले अक्षर ठोका कोणत्या कप्प्याला दिला जातो हे सांगते, दुसरे कोणत्या कप्प्यातील नैसर्गिक संदेश टिपला जातो हे सांगते आणि तिसरे टिपलेल्या संदेशावर उपकरण काय करते हे दाखवते. ‘व्ही’ म्हणजे निलय, ‘ए’ म्हणजे अलिंद आणि ‘डी’ म्हणजे दोन्ही. चौथे अक्षर ‘आर’ असल्यास श्रमानुसार गती बदलण्याची सोय चालू आहे असे समजावे. ‘व्हीव्हीआय’ पद्धतीत निलयाची स्वतःची गती ठरवलेल्या किमान आकड्याखाली गेल्यासच ठोका दिला जातो; ‘व्हीव्हीआयआर’ मध्ये हालचालीबरोबर गती वाढते. ‘डीडीडी’ मध्ये निलय अलिंदाच्या मागोमाग चालवला जातो, तर ‘डीडीडीआर’ मध्ये त्याला संवेदकाची जोड मिळते. ही अक्षरे रुग्णाला मिळणाऱ्या पेसमेकरच्या ओळखपत्रावर किंवा तपासणीच्या अहवालावर आढळतात.

किमान आणि कमाल मर्यादा

प्रत्येक पेसमेकरमध्ये एक किमान गती ठरवलेली असते. बहुधा ती मिनिटाला ६० असते. झोपेच्या वेळेसाठी याहून कमी गती ठेवण्याची सोय काही उपकरणांत असते. कमाल मर्यादा दोन प्रकारच्या असतात. अलिंदाच्या नैसर्गिक गतीमागे पेसमेकर कोठवर जाईल ही पहिली मर्यादा, आणि संवेदकाच्या सांगण्यावरून तो गती कोठवर वाढवेल ही दुसरी. दोन्ही आकडे रुग्णाचे वय, हृदयविकाराचे स्वरूप आणि दिनक्रम पाहून ठरवले जातात. बाहेरून प्रोग्रामर या यंत्राद्वारे ते शस्त्रक्रियेशिवाय बदलता येतात.

पहिल्या मर्यादेजवळ एक विशेष घटना घडते. अलिंदाचा संदेश आल्यावर निलयाला ठोका देण्यापूर्वी पेसमेकर थोडा थांबतो. ठोका दिल्यानंतर काही काळ तो अलिंदाचे संदेश विचारात घेत नाही. समजा हे दोन कालावधी अनुक्रमे १५० आणि २५० मिलिसेकंद आहेत, तर त्यांची बेरीज ४०० मिलिसेकंद होते. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असल्याने ही बेरीज मिनिटाला १५० या गतीशी जुळते. अनुसरणाची कमाल मर्यादा १३० असेल, तर अलिंदाची गती १३० च्या पुढे गेल्यावर अधूनमधून एखादा ठोका गळू लागतो. गती १५० ओलांडून १५२ झाली की दर दुसरा संदेश वगळला जातो आणि निलयाची गती एकदम ७६ वर येते. पूर्ण हार्ट ब्लॉक असलेला तरुण रुग्ण धावताना अचानक गळून जातो, त्यामागे कधी कधी हे कारण असते. अशा वेळी उपकरण नादुरुस्त नसून त्याचे नियोजन त्या व्यक्तीच्या श्रमाशी जुळलेले नसते. श्रमाच्या वेळी हे दोन्ही कालावधी आपोआप आखूड करण्याची सोय अनेक आधुनिक पेसमेकरमध्ये आहे.

संवेदक

श्रम ओळखण्यासाठी वापरले जाणारे प्रमुख संवेदक पुढीलप्रमाणे आहेत.

हालचालीचा संवेदक : शरीराचे हेलकावे टिपतो. चालणे सुरू होताच तो त्वरित प्रतिसाद देतो. मात्र जागेवरची सायकल चालवताना छाती फारशी हलत नाही, त्यामुळे श्रम बरेच असूनही गती पुरेशी वाढत नाही. जिना चढण्यापेक्षा उतरताना धक्के जास्त बसतात, म्हणून कष्ट कमी असूनही उतरताना गती अधिक दिसू शकते. खडबडीत रस्त्यावर वाहनात बसल्यानेही गती वाढू शकते.

श्वसनाचा संवेदक : छातीच्या विद्युत रोधातील बदलांवरून दर मिनिटाचे श्वसन अजमावतो. दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमाशी तो चांगला जुळतो, पण प्रतिसाद किंचित उशिरा देतो. जाणीवपूर्वक जलद श्वास घेतल्यास विश्रांतीतही गती वाढू शकते. भस्त्रिकेसारख्या प्राणायामात ही शक्यता असते.

हृदयातील बदलांचा संवेदक : निलयाच्या आकुंचनाशी संबंधित विद्युत रोधाचे बदल टिपतो. त्यामुळे मानसिक ताणालाही काही प्रमाणात प्रतिसाद मिळतो.

काही पेसमेकरमध्ये हालचाल व श्वसन या दोन संवेदकांचा एकत्रित वापर केला जातो. आपल्या उपकरणात कोणता संवेदक आहे हे रुग्णाला माहीत असल्यास नाडीच्या अनेक अनपेक्षित आकड्यांचा उलगडा होतो.

मापनाच्या पद्धती

नाडी मोजणे

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी व मध्यमा ठेवून नाडी मोजणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. ३० सेकंदांतील ठोक्यांची दुप्पट केली जाते. नाडी अनियमित असल्यास पूर्ण मिनिट मोजणे योग्य ठरते. हालचालीचा संवेदक असलेल्या व्यक्तीने व्यायाम थांबवून काही वेळाने नाडी मोजल्यास गती आधीच उतरू लागलेली असते. म्हणून थांबताच, किंवा जागच्या जागी सावकाश पावले टाकत असताना नाडी मोजल्यास खरा आकडा मिळण्याची शक्यता अधिक असते.

नाडी ठरवलेल्या किमान गतीहून कमी लागली म्हणजे पेसमेकर बंद पडला असे नाही. वेळेआधी पडणाऱ्या निलयाच्या ठोक्यात रक्त कमी असते आणि तो मनगटापर्यंत जाणवत नाही. त्यामुळे हृदयाचे ६० ठोके पडत असतानाही नाडी ४० ते ५० भरू शकते. खरी स्थिती ईसीजीवरून कळते.

मनगटी उपकरणे

मनगटावरील घड्याळासारखी उपकरणे त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील चढउतार मोजतात. पेसमेकरच्या विद्युत संदेशांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, हा त्यांचा लाभ आहे. मात्र पट्टा सैल असणे, हाताची जोरदार हालचाल, थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या, गोंदण आणि अनियमित ठोके यांमुळे आकडा चुकू शकतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसणारी नाडीही याच तत्त्वाने मोजली जाते.

छातीचा पट्टा

छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संदेश टिपतो. निरोगी व्यक्तीत तो मनगटी उपकरणापेक्षा सामान्यतः अचूक असतो. पेसमेकरधारकात मात्र उपकरणाचा सूक्ष्म संदेश आणि त्यामागून येणारा हृदयाचा संदेश हे दोन स्वतंत्र ठोके म्हणून मोजले जाऊ शकतात. ७० ठोके असताना पट्ट्याने १४० दाखवल्यास प्रथम हाताने नाडी मोजून पडताळा घ्यावा लागतो. आधुनिक पेसमेकरचे संदेश दुर्बल असल्याने हा दोष प्रत्येकात आढळत नाही.

ट्रेडमिल चाचणी आणि पेसमेकरमधील नोंदी

रुग्णालयात ट्रेडमिलवर चालवून ईसीजीसह घेतलेल्या चाचणीत गती कोणत्या टप्प्यावर वाढते, कोठे थांबते आणि लक्षणे केव्हा दिसतात हे एकत्र पाहता येते. हालचालीच्या संवेदकासाठी ट्रेडमिलचा केवळ चढ वाढवणे पुरेसे नसते. वेगही वाढवावा लागतो. साधनांचा अभाव असल्यास रुग्णाला मोकळ्या मार्गिकेत काही मिनिटे चालवूनही संवेदकाचे नियोजन तपासता येते.

पेसमेकर स्वतःही गतीच्या नोंदी ठेवतो. मागील काही महिन्यांत किती टक्के ठोके कोणत्या गतीच्या टप्प्यात पडले, याचा आलेख प्रोग्रामरवर पाहता येतो. नियमित चालणाऱ्या व्यक्तीचे जवळजवळ सर्व ठोके ६० ते ७० या टप्प्यात आढळल्यास संवेदकाची संवेदनशीलता कमी ठेवली गेली असण्याची शक्यता तपासली जाते. रुग्णाने व्यायामाची वेळ, प्रकार, नाडी व लक्षणे यांची वही ठेवल्यास हा आलेख वाचणे सुकर होते.

आकड्यांचा अर्थ

कमाल हृदयगती काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र प्रचलित आहे. त्यानुसार ६५ वर्षांच्या व्यक्तीची कमाल गती १५५ आणि तिच्या ७० टक्के म्हणजे सुमारे १०९ येते. मात्र सूत्रातून निघणारी गती सरासरी असून निरोगी व्यक्तींमध्येही तीत मोठा फरक आढळतो. पेसमेकरधारकात आणखी तीन अडचणी येतात. संवेदकाची कमाल मर्यादा १२० असल्यास पेसमेकरवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या व्यक्तीची गती त्यापुढे जातच नाही. संवेदकाने श्रम ओळखला नाही, तर थकवा येऊनही नाडी ८० च राहते. बीटा ब्लॉकर गटातील औषधे नैसर्गिक गती कमी ठेवतात, तर पेसमेकरने दिलेल्या गतीवर त्यांचा तसा परिणाम होत नाही.

ठरावीक आकडा गाठण्याच्या हट्टाने अशी व्यक्ती आपल्या क्षमतेबाहेर श्रम करू शकते. उलट नाडी वाढली नाही म्हणजे श्रम हलका आहे, असा चुकीचा समजही होऊ शकतो. म्हणून श्रमाची जाणीव हे माप नाडीइतकेच महत्त्वाचे मानले जाते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० या श्रेणीत व्यक्ती आपल्याला जाणवणाऱ्या कष्टाला अंक देते. हृदय-पुनर्वसनात साधारणपणे ११ ते १४ हा टप्पा वापरला जातो. याहून सोपी कसोटी बोलण्याची आहे. चालताना पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर श्रम मध्यम आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असल्यास तो जास्त झाला आहे, असे समजतात.

घातक जलद गती ओळखून विजेचा झटका देणारे आयसीडी हे उपकरण पेसमेकरहून वेगळे आहे. ते बसवलेल्या व्यक्तीसाठी वरची मर्यादा केवळ सोयीची नसते. व्यायामातील गती उपकरणाच्या झटका देण्याच्या टप्प्यापासून किमान १० ठोके खाली ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

व्यायामाची निवड आणि काळजी

शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे ४ ते ६ आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेणे व जड वस्तू उचलणे टाळण्यास सांगितले जाते, कारण या काळात लीड, म्हणजे हृदयाला जोडणारी तार, जागेवरून सरकण्याचा धोका असतो. हात पूर्णपणे न हलवल्यास मात्र खांदा आखडतो. म्हणून हलकी हालचाल चालू ठेवतात. सूर्यनमस्कार, पोहणे आणि वजने उचलणे यांचा आरंभ तज्ज्ञाच्या परवानगीनंतर केला जातो.

पुढील काळात चालणे हा सर्वांत सोयीचा व्यायाम ठरतो, कारण हालचालीचा व श्वसनाचा असे दोन्ही संवेदक त्याला प्रतिसाद देतात. आरंभी ५ ते १० मिनिटे सावकाश आणि शेवटी तितकाच वेळ हळूहळू वेग कमी करत चालल्यास गतीत एकदम बदल होत नाही. कुस्ती व कबड्डी यांसारख्या खेळांत पेसमेकरच्या जागी थेट आघात होऊ शकतो. त्यामुळे ते सामान्यतः टाळले जातात.

चुंबक असलेले पट्टे व मोबाइल फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याची शिफारस आहे. शरीरातील चरबी मोजण्यासाठी सूक्ष्म विद्युत प्रवाह सोडणारे वजनकाटे वापरू नयेत, असे त्यांचे अनेक उत्पादक नमूद करतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

व्यायामाविषयीची बहुतेक मार्गदर्शक सूत्रे ट्रेडमिल, सायकल किंवा उद्यानातील चालणे गृहीत धरतात. धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात श्रमाचे स्वरूप वेगळे असते. सोयाबीन, तूर, हरभरा व ऊस यांच्या शेतीत खुरपणी, फवारणी, ओझी वाहणे आणि ट्रॅक्टर चालवणे ही कामे व्यायामाहून अधिक कष्टाची असू शकतात. बसून खुरपताना छाती कमी हलते आणि हालचालीच्या संवेदकाला श्रमाचा अंदाज येत नाही. उलट ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी फारसे कष्ट नसतानाही गती वाढू शकते. पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा पेसमेकरच्या जागेवर दाबला जातो आणि घासतो. म्हणून तपासणीच्या वेळी केवळ ‘किती चालता’ असे न विचारता दिवसभरातील कामे समजून घेणे आवश्यक ठरते. विहिरीवरील मोटारीची दुरुस्ती व वेल्डिंग या कामांत विद्युत चुंबकीय क्षेत्राचाही विचार करावा लागतो. वेल्डिंगच्या यंत्रापासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर राखण्याचा सल्ला अनेक उत्पादक देतात.

हवामान हा दुसरा घटक आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात शरीरातील पाणी कमी होऊन रक्तदाब उतरतो. निरोगी हृदय अशा वेळी गती वाढवून तोल सांभाळते. सायनस नोड मंदावलेल्या व्यक्तीत हालचालीचा संवेदक ही गरज ओळखू शकत नाही, त्यामुळे चक्कर येण्याची शक्यता वाढते. सकाळी लवकर व्यायाम करणे आणि पुरेसे पाणी पिणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास तुळजाभवानीच्या दर्शनासाठी तुळजापूरला पायी जाण्याची परंपरा या परिसरात आहे. अशा दीर्घ वाटचालीपूर्वी पेसमेकरची तपासणी करून घेणे, अंतर काही आठवडे टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि ओळखपत्र जवळ ठेवणे हितकारक ठरते.

उमरगा हे पुणे–सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील शहर आहे. मोठ्या रुग्णसेवांसाठी या परिसरातील रुग्ण सोलापूर, लातूर किंवा हैदराबाद या शहरांकडे जातात. पेसमेकरचे नियोजन बदलणारा प्रोग्रामर प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. त्यामुळे ओळखपत्रावरील उत्पादक व प्रारूप यांची नोंद उपयोगी पडते. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकर बसवण्याच्या उपचाराचा समावेश आहे. उपकरण बसल्यानंतर प्रकृती बरी वाटते म्हणून नियतकालिक तपासणी टाळल्यास मात्र संवेदकाचे नियोजन कारखान्यातून आले तसेच राहू शकते आणि उपकरणाचा पूर्ण लाभ मिळत नाही.

तपासणी आवश्यक असल्याची लक्षणे

व्यायाम करताना छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा हरपेल असे वाटणे, असामान्य दम लागणे अथवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही घडल्यास व्यायाम तत्काळ थांबवणे आवश्यक असते. महाराष्ट्रात अशा प्रसंगी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नाडी किमान गतीहून सतत कमी राहणे, विश्रांतीत ती विनाकारण जलद असणे, सतत उचकी लागणे आणि पेसमेकरच्या जागी सूज, लाली किंवा स्राव दिसणे हीदेखील तपासणीची कारणे आहेत.

पूर्वी सहज जमणारे चालणे अचानक जड जाऊ लागणे आणि श्रम करूनही नाडी एकाच आकड्यावर स्थिर राहणे या जोडीकडे विशेष लक्ष दिले जाते. बॅटरी संपत आल्यावर काही बनावटींचे पेसमेकर ऊर्जा वाचवण्यासाठी संवेदक बंद करून स्थिर गतीच्या साध्या पद्धतीवर जातात. विश्रांतीत असताना रुग्णाला हा बदल जाणवेलच असे नाही. व्यायामाच्या नियमित नोंदींतून तो लवकर लक्षात येऊ शकतो.

हे सुद्धा पहा

हृदय
पेसमेकर
विद्युत हृदयालेख (ईसीजी)
नाडी
हार्ट ब्लॉक
उमरगा